वाणीचे तप आणि स्वरयंत्राचे रक्षण

श्रीमद्भगवद्गीतेच्या १७ व्या अध्यायात भगवंतांनी शरीर, वाणी आणि मन यांचे तप सांगितले आहे. कोणालाही न दुखावणारे, सत्य, प्रिय आणि हितकर बोलणे, तसेच स्वाध्याय, हे वाणीचे तप होय. हे तप वैखरीतून घडते आणि वैखरी उमटते गळ्यातील स्वरयंत्रातून. म्हणून नामजप, भजन आणि पारायण करणाऱ्या साधकाने व्यसने आणि औषधे यांचा आवाजावर होणारा परिणाम समजून घ्यावा.

१. आवाज कसा निर्माण होतो ?

स्वरयंत्रात दोन नाजूक स्वरतंतू असतात. फुप्फुसांतून येणाऱ्या हवेने ते कंप पावतात. साधारण बोलताना पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला १०० हून अधिक वेळा, तर स्त्रीचे सुमारे २०० वेळा कंप पावतात. त्यांच्यावरील पातळ, ओलसर आवरणामुळे ते हे घर्षण सोसतात. हा ओलावा कमी झाला किंवा सूज आली की आवाज बसतो.

२. व्यसनांमुळे होणारी हानी

अ. धूम्रपान : अनेक वर्षांच्या धूम्रपानाने स्वरतंतूंना सूज येऊन आवाज जाड आणि घोगरा होतो.

आ. मद्य : मद्याने शरीरातील पाणी कमी होते आणि जठरातील आम्ल गळ्यापर्यंत येऊ शकते. तंबाखू आणि मद्य ही दोन्ही व्यसने असणाऱ्याला स्वरयंत्राच्या कर्करोगाचा धोका फार वाढतो.

इ. गुटखा आणि सुपारी : यांमुळे तोंडातील आवरण ताठर होते, तोंड पुरेसे उघडत नाही आणि उच्चार अस्पष्ट होतात.

ई. गांजा : काही जण गांजाला साधनेशी जोडतात, पण त्याचा धूरही गळ्याचा दाह करतो. शिवाय गुंगी म्हणजे एकाग्रता नव्हे.

३. औषधांचे परिणाम

व्यसन सोडायचे असते. औषधाचे तसे नाही. सर्दी-अॅलर्जीच्या काही गोळ्यांनी घसा कोरडा पडतो. रक्तदाबावरील एनालाप्रिल, रॅमिप्रिल यांसारख्या औषधांनी काहींना कोरडा खोकला येतो. दम्याच्या स्टेरॉइड इनहेलरने आवाज बसू शकतो. रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्याने फार उंच पट्टीत ताणून गाणे टाळावे. अशाने स्वरतंतूत रक्तस्राव होऊ शकतो.

तरीही भजनासाठी आवाज मोकळा राहावा, म्हणून कोणतेही औषध स्वतःहून बंद करू नये. दम्याचा इनहेलर किंवा रक्तदाबाची गोळी अचानक थांबवणे जिवावर बेतू शकते. वैद्यांना सांगितल्यास ते पर्यायी औषध देऊ शकतात.

४. साधकाने काय करावे ?

अ. इनहेलर घेतल्यावर पाण्याने चूळ भरून गुळण्या कराव्यात.

आ. दिवसभर थोडे थोडे पाणी प्यावे.

इ. आवाज बसला असता मोठ्याने गाऊ नये आणि कुजबुजूही नये. मौन पाळून मानसिक नामजप करावा.

ई. घोगरेपणा ३ आठवड्यांहून अधिक टिकला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. स्वरयंत्राचा कर्करोग लवकर कळल्यास बरा होण्याची शक्यता पुष्कळ असते.

उ. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय निःशुल्क क्रमांकावर साहाय्य मिळते.

आवाज ही ईश्वराने दिलेली ठेव आहे. व्यसन सोडणे आणि आवश्यक औषध नियमाने घेणे, या दोन्हींतून तिचे रक्षण होते. आपल्या सत्संगातील कोणाचा आवाज बरेच दिवस बसलेला असेल, तर त्याला आजच तपासणीस जाण्यास सांगूया. हेही हितकर बोलणे, म्हणजे वाणीचे तपच आहे.