केस विरळ होतात, तेव्हा आधी रक्त तपासा

शिबिरात रक्तदाब, साखर तपासून झाली की काही भगिनी मुद्दाम मागे थांबतात. भांग रुंद होत चाललाय, वेणी उंदराच्या शेपटीएवढी झाली, फणीत गुंताच गुंता निघतो. आणि मग हळू आवाजात प्रश्न येतो, "सिस्टर, ती हिरवी कॅप्सूल चालू करू का?" हिरवी कॅप्सूल म्हणजे 'ई' जीवनसत्त्वाची. कोणी ती गिळते, कोणी टाचणीने फोडून खोबरेल तेलात मिसळते. हा प्रश्न इतक्यांदा येतो की या वेळी या पानावर त्याचेच उत्तर देत आहोत.

आपल्या शरीराला 'ई' जीवनसत्त्व दिवसाला साधारण १० ते १५ मिलिग्रॅम लागते. भाजीला घातलेले करडईचे किंवा सूर्यफुलाचे तेल, मूठभर शेंगदाणे, पालेभाजी यांतून त्यातले बरेचसे मिळून जाते. ज्यांना अन्नातली चरबी पचत नाही असे रुग्ण सोडले तर याची खरी कमतरता क्वचितच असते. हिरव्या कॅप्सूलमध्ये मात्र बहुधा ४०० मिलिग्रॅम असते, म्हणजे गरजेच्या पंचवीस ते चाळीस पट. शिवाय हे जीवनसत्त्व चरबीत विरघळणारे आहे. जास्तीचे लघवीवाटे लगेच निघून जात नाही, शरीरात साठते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात हजारो पुरुषांना काही वर्षे रोज ४०० युनिट 'ई' दिले होते. २०११ साली निष्कर्ष आला, की त्यांच्यात प्रोस्टेटच्या कॅन्सरचे प्रमाण १७ टक्क्यांनी जास्त निघाले.

मग केस वाढतात असे जे सांगतात ते कुठून आले? मलेशियात एक छोटा अभ्यास झाला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. एकूण ३८ माणसे, आठ महिने. गोळी घेणाऱ्यांचे केस वाढलेले दिसले, हे खरे. पण ती गोळी टोकोट्रायनॉल या प्रकारची होती आणि मेडिकलमध्ये मिळणारी हिरवी कॅप्सूल टोकोफेरॉलची असते. नाव एक, वस्तू वेगळी. तेलात मिसळून लावली तर केसांना थोडी चकाकी येईल, खाज सुटली तर बंद करा. पण त्याने नवे केस उगवतील अशी आशा धरू नका.

केस ही शरीराच्या लेखी चैनीची गोष्ट आहे. रक्त कमी पडले, प्रथिने कमी पडली, की शरीर आधी हृदय आणि मेंदू सांभाळते आणि केसांचा वाटा तोडते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय आहे. गरोदर नसलेल्या बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली जायला नको.

घरकाम करणारी एक ताई चार महिने कॅप्सूल खात होती. सकाळी चहा-बटर, दुपारी मालकिणीकडचे उरलेले, रात्री सगळ्यांचे झाल्यावर शेवटची भाकरी आणि चटणी. पाळी आठ-आठ दिवस चालायची. हिमोग्लोबिन निघाले ७.८. जिना चढताना धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते, त्याला ती "वयामुळे असेल" म्हणायची. वय ३४! धाप लागली म्हणून ती दवाखान्यात आली नव्हती, केस गळाले म्हणून आली.

हिमोग्लोबिनची तपासणी सरकारी दवाखान्यात होते, लोहाच्या गोळ्याही तिथेच मिळतात. गोळी चहासोबत घेऊ नका, लिंबूपाण्यासोबत घ्या. शौचाला काळे होते, घाबरू नका. हिमोग्लोबिन भरले तरी डॉक्टर सांगतील तोवर, बहुधा आणखी तीन महिने, गोळी चालू ठेवायची असते. केसांना फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात. पाळी जास्त जात असेल तर त्याचा इलाज आधी करा, नाहीतर एकीकडून भरायचे आणि दुसरीकडून सांडायचे असे होते. वजन वाढतेय, थंडी सोसत नाही, असे असेल तर थायरॉईडही तपासून घ्या. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर ते आधी डॉक्टरांना सांगा, त्याने थायरॉईडचा रिपोर्ट चुकू शकतो.

विदर्भातल्या वाचकांना इथे एक गोष्ट ठासून सांगायची आहे. आपल्या समाजात सिकलसेलचे प्रमाण बरेच आहे. सिकलसेलमध्येही हिमोग्लोबिन कमी येते, पण दर वेळी लोह कमी असतेच असे नाही. अशा रुग्णाने मनाने लोहाच्या गोळ्या खात राहू नये. रक्तक्षय निघाला आणि सिकलसेलची तपासणी कधीच झाली नसेल, तर ती करून घ्या.

जास्तीचे पोषणही केस घालवते. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलडाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत अडीचशेच्या वर लोकांचे केस अचानक गळाले. काहींना तीन-चार दिवसांत टक्कल पडले. आधी शाम्पूवर, मग पाण्यावर संशय गेला. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासले तेव्हा रुग्णांच्या रक्तात सेलेनियम फार जास्त आणि जस्त कमी आढळले, आणि त्यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवले. हेच सेलेनियम केसांच्या महागड्या गोळ्यांतही घातलेले असते. 'अ' जीवनसत्त्व अति झाले तरी केस गळतात.

कॅप्सूलच्या पट्टीच्या पैशात साधारण पाव किलो शेंगदाणे येतात. तेवढ्याने भागत नाही, रोज डाळ किंवा मोड आलेली उसळ हवी, जमेल तेव्हा अंडे, सुकट, बोंबील. बाजरीची भाकरी, वर लिंबू पिळलेली पालेभाजी. जेवणानंतर लगेच चहा नको, तासभर थांबा. आपल्या आजीच्या चुलीवर कलेजी, वजडी शिजायची. आता शिकलेल्या मुली नाक मुरडतात. कलेजीतले लोह शरीर भाजीपेक्षा सहज घेते, त्यात लाजण्यासारखे काय आहे? गरोदर बाईने मात्र कलेजी टाळावी, तिच्यात 'अ' जीवनसत्त्व फार असते. आणि हे सगळे आणूनही बाई शेवटी जेवणार असेल तर तिच्या ताटात चटणीच उरते. सगळ्यांनी एकत्र बसून जेवा, घरातल्या पुरुषांनी हे आधी मनावर घ्यावे.

बाळंतपणानंतर, डेंग्यू-टायफॉईडनंतर दोन-तीन महिन्यांनी मुठीने केस जातात. ते बहुतेक आपोआप परत येतात, तेवढा काळ थांबा. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणे तर साधे आहे. गोल, गुळगुळीत चट्टा पडला तर ती चाई असू शकते. लहान मुलाच्या डोक्यात खपली धरून केस तुटत असतील तर तो गजकर्ण असतो, त्याला पोटातून औषध लागते, नुसत्या मलमाने जात नाही. या दोन्हींसाठी सरकारी रुग्णालयातल्या त्वचारोग विभागात जा, आणि घरातल्या सगळ्यांच्या फण्या वेगळ्या ठेवा.