मोबाइलवरचा वाद आणि आपली झोप

बाबासाहेबांविषयी कुणी अनोळखी माणूस फेसबुकवर वाईटसाईट लिहितो आणि आपली पोरं रात्री दोन वाजेपर्यंत त्याला उत्तरं देत बसतात. त्यांचा राग खरा आहे. पण हा वेळ सत्कारणी लागतो का?

आधी शरीराचं पाहू. राग आला की ॲड्रेनालिन वाढतं, छाती धडधडते, बीपी चढतं आणि झोप उडते. मोठ्या माणसाला किमान ७ तास, १३ ते १८ वयाच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. बीपी-शुगरवाल्यांना जागरण जास्तच बाधतं.

आता वादाचं. शिवी देणारा सहसा बदलत नाही. गप्प राहून वाचणारे बदलू शकतात. १९३६ साली गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’वर टीका केली. बाबासाहेबांनी मुद्देसूद उत्तर लिहून ते १९३७च्या आवृत्तीत छापलं. ते आजही वाचलं जातं.

म्हणून एवढं पाळा :

१. उत्तर पुराव्यासह, एकदाच आणि दिवसा द्या.

२. जातिवाचक शिवीगाळ झाली तर उलट शिवी नको. स्क्रीनशॉट, लिंक, तारीख, वेळ जपून ठेवा आणि ॲट्रॉसिटी कायद्याखाली पोलिसांत लेखी तक्रार द्या.

३. झोपण्याआधी तासभर मोबाइल फळीवर ठेवा.

४. मन सतत बेचैन असेल तर ‘टेलि-मानस’ला १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

पोरांवर ओरडू नका. सकाळी त्यांच्यासोबत बसून उत्तर लिहा.