कंदिलाने केलेलं आंधळं

अगं, तू रात्रभर ट्यूबलाइट चालू ठेवून झोपतेस आणि तुझी रूममेट डोळ्यांवर ओढणी बांधते, असं आई काल फोनवर सांगत होती. मला हसू नाही आलं. हॉस्टेलच्या पहिल्या वर्षी मीही हेच करायचे. माझी रूममेट भांडखोर निघाली, म्हणून सवय लवकर सुटली एवढंच.

आजोळचं परस आठवतं तुला? तू तेव्हा अगदीच लहान होतीस. दिवाळीच्या सुट्टीत रात्री ‘लागली’ की विहिरीपलीकडे जावं लागायचं. आजी कंदील घेऊन पुढे, मी तिचा पदर धरून मागे. कंदिलाच्या उजेडापलीकडे सगळं काळं ठिक्कर, आणि त्या काळ्यात मुंजा, हडळ, सगळी मंडळी माझीच वाट बघत उभी! एकदा मी इतकं भोकाड पसरलं की आजीने कंदील चक्क विझवला. “बस इथं पायरीवर,” म्हणाली. मी तिच्या कुशीत तोंड खुपसलं. बऱ्याच वेळाने मान वर केली, तर रहाट दिसत होता. मग माडाचे झाप. मग दोरीवर विसरलेलं आजोबांचं धोतर. माझी हडळ ती! “कंदिलानंच आंधळं केलं होतं तुला,” आजी म्हणाली.

बारावीला बायोलॉजी शिकताना त्याचं कारण समजलं. कमी उजेडात बघायला डोळ्यांत वेगळ्या पेशी असतात. प्रखर उजेडात त्यांच्यातलं रंगद्रव्य विरून जातं आणि पुरतं भरून यायला 20 ते 30 मिनिटं लागतात. मध्येच मोबाइल बघितलास, की बरीचशी मेहनत पाण्यात. आणखी एक गंमत सांगते. डोळ्याच्या पडद्याच्या अगदी मध्यभागी या पेशी नसतातच. म्हणून कृत्तिकांच्या पुंजक्याकडे रोखून न बघता जरा बाजूला नजर ठेवायची, की तो जास्त भरलेला दिसतो. दिवाळीत गच्चीवर करून बघ.

तू म्हणशील, ताई, मला भुतांची नाही, विचारांची भीती वाटते. ठाऊक आहे गं. रात्री दोनला मलाही हमखास वाटतं, की नोकरी जाणार, आईला काहीतरी होणार, आपलं सगळंच चुकलं. सकाळी चहा होईपर्यंत त्यातलं निम्मं आठवतही नाही. त्यामुळे मी एकच पथ्य पाळते. अकरानंतर कुठलाही निर्णय घेत नाही. तूही रात्री कुणाला लांबलचक मेसेज लिहू नकोस. लिहिलासच, तर सकाळी वाच आणि मग पाठव. पाठवणार नाहीस, बघ.

क्लासहून उशिरा येताना सुनसान रस्त्यावर वाटते ती भीती मात्र यात धरू नकोस. ती काळोखाची नव्हे, माणसांची असते आणि ती खोटी नसते. तिथे खुशाल उजेडातून चाल, रिक्षा कर, पैशांचा विचार करू नकोस.

पण खोलीत, कडी लावलेली असताना, आज दिवा बंद करून बघ. फोन उशाखाली पालथा ठेव. अर्धा तास धीर धर. नाहीच जमलं तर मला फोन कर. बाळ रात्री दोनदा उठतंच, मी जागीच असते.