रक्त आपले, हक्क आपला

अमेरिकेत ॲरिझोना राज्यात एक मोठी खोल दरी आहे. त्या दरीत हवासुपाई नावाची जमात राहते. तिच्यात मधुमेह, म्हणजे साखरेचा आजार, फार. १९९० साली विद्यापीठाची माणसे आली. म्हणाली, रक्त द्या, आजाराचे कारण शोधू. लोकांनी विश्वासाने रक्त दिले.

पण त्याच रक्तावर दुसरेही शोध झाले. मनाचा आजार, नात्यातली लग्ने, पूर्वज कुठून आले, हेही पाहिले. लोकांना नीट विचारलेच नाही. २००३ साली हे उघडकीस आले. लोक कोर्टात गेले. २०१० साली तडजोड झाली. विद्यापीठाने ४१ जणांना ७ लाख डॉलर दिले, उरलेले रक्तही परत केले.

रक्ताच्या थेंबात आपल्या एकट्याची नव्हे, आईबाप, भावंडे, लेकरे यांचीही माहिती असते. म्हणून ही गोष्ट साऱ्या घराची.

आम्ही सांगतो, रक्त द्यायला भिऊ नका. अशा शोधांतूनच औषधे सापडतात. पण संशोधनासाठी कोणी रक्त मागितले, तर सहीआधी कागद वाचा. विचारा: रक्त कशासाठी? कोण पाहणार? नाव गुप्त राहील ना? पटले नाही तर नको म्हणा. तो आपला हक्क आहे. वाचायला शिकलो ते यासाठीच!