बिनतारी पूल : भिंतीला भोक न पाडता

घरात वाय-फाय आलं की वायरींची कटकट संपली, असं आपण धरून चालतो. मोबाईल आणि लॅपटॉपपुरतं ते खरंही आहे. पण प्रत्येक घरात दोन-तीन वस्तू अशा असतात की ज्यांना वाय-फाय हा प्रकार माहीतच नाही. पाठीमागे लॅनचं एक चौकोनी सॉकेट, बस्स. जुना डेस्कटॉप, ऑफिसातून स्वस्तात मिळालेला लेझर प्रिंटर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर. त्यांना वायरच लागते, आणि वायर न्यायची तर भिंत मध्ये येते.

आमचं घर पुण्यात पेठेत, भाड्याचं, पहिल्या मजल्यावर. रस्त्याकडे पुढची खोली, मग माजघर (मी कॉन्व्हेंटवाली, हा शब्द मला या घरात आल्यावर आजीने शिकवला), मग स्वयंपाकघर आणि सगळ्यात मागे बाबांची खोली. बाबा टॅक्सची कामं घरूनच करतात. त्यांचा डेस्कटॉप, प्रिंटर आणि डीव्हीआर मागच्या खोलीत. आधीच्या इंटरनेटची केबल मागच्या गच्चीवरून यायची, त्यामुळे प्रश्न नव्हता. नवीन फायबर आलं ते रस्त्याकडून, आणि त्याचा डबा बसला पुढच्या खोलीत. मध्ये दीड-दीड फुटी जुन्या भिंती. घरमालक काकांनी स्पष्ट सांगितलं, "भोक नाही, आणि खिळासुद्धा नाही!" दारांतून वायर ओढावी तर आजीच्या पायात येणार, तिचा गुडघा आधीच दुखतो.

मग जुलै महिना, रिटर्नचा सीझन. माजघरात क्लायंट बसलेले आणि बाबा पेन ड्राइव्ह घेऊन पुढे-मागे, पुढे-मागे. शेवटी ते म्हणाले, "खाली एखादा गाळाच बघतो भाड्याने." त्या गाळ्याचं भाडं आणि माझी फी एकाच खिशातून जाते, त्यामुळे या विषयात मी फार मनापासून लक्ष घातलं!

डोंगल का नाही?

पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात. यूएसबी वाय-फाय डोंगल डेस्कटॉपला लावता येतो, मान्य. पण तो चालतो ड्रायव्हरवर, आणि ड्रायव्हर बसवायला मागे ऑपरेटिंग सिस्टीम लागते. प्रिंटरला आणि डीव्हीआरला तो लावून काही उपयोग नाही. आपल्याला हवी अशी पेटी की जी एका बाजूने वाय-फाय पकडेल आणि दुसऱ्या बाजूला लॅनची तीन-चार सॉकेट देईल. मागच्या वस्तूंना वाटलं पाहिजे की आपण सरळ वायरीनेच पुढच्या डब्याला जोडलेलो आहोत. यालाच वायरलेस ब्रिज म्हणतात, आणि अशी पेटी बहुतेकांच्या माळ्यावर पडलेली असते : जुना राउटर.

जुन्या राउटरमध्ये बहुतेक वेळा "क्लायंट" नावाचा एक मोड असतो. आपला राउटर त्यात टाकला, फायबरच्या वाय-फायचा पासवर्ड दिला, मागे डेस्कटॉप जोडला आणि नेट लगेच चालू. इथे बरेच जण टाळ्या वाजवून थांबतात. पण पुढच्या खोलीतल्या लॅपटॉपवरून प्रिंट दिली तर प्रिंटर सापडत नाही, आणि मोबाईलवरचं कॅमेऱ्याचं अ‍ॅप घरात बसून डीव्हीआरला शोधत राहतं. म्हणजे मागून पुढे सगळं जातं, पुढून मागे काही येत नाही. याला पूल कसं म्हणणार? हा तर वन-वे झाला.

चौथा पत्ता

असं का होतं त्याचं उत्तर आपल्या कॉम्प्युटर नेटवर्क्सच्या पेपरातच आहे. ८०२.११ ची फ्रेम काढा, टू डीएस आणि फ्रॉम डीएस या बिटांचं टेबल लिहा, हा प्रश्न आपण पाठ करून मार्क घेतो आणि विसरतो. त्या टेबलातच सगळी गोम आहे.

वायरीच्या इथरनेट फ्रेममध्ये दोन पत्ते असतात : कोणाला आणि कोणाकडून. दोन्ही ४८ बिटांचे मॅक अ‍ॅड्रेस. मधला स्विच त्यांना हातही लावत नाही. हवेत मात्र तसं भागत नाही, कारण सगळं अ‍ॅक्सेस पॉइंटमार्फत जातं. म्हणून क्लायंटकडून निघालेल्या फ्रेमवर तीन पत्ते असतात. हवेत ही फ्रेम आत्ता कोणी उचलायची (अ‍ॅक्सेस पॉइंटने), आत्ता कोणी सोडली (क्लायंटने) आणि शेवटी कोणाकडे जायची. "मुळात कोणाची" याला वेगळी जागा ठेवलेलीच नाही, कारण गृहीत असं आहे की जो सोडतो त्याचीच फ्रेम असणार. मोबाईलच्या बाबतीत ते बरोबर आहे, त्याच्या मागे दुसरं कोणी नसतं.

आमच्या राउटरमागे मात्र तीन वस्तू आहेत. प्रिंटरची फ्रेम राउटरने हवेत सोडली तर सोडणारा एक आणि मूळ मालक दुसरा, आणि लिहायला ओळ एकच. बरं, राउटरने त्या ओळीत प्रिंटरचा पत्ता दडपून लिहिला तर? अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणतो, हा पत्ता माझ्याकडे नोंदलेलाच नाही, आणि फ्रेम टाकून देतो. शिवाय डब्ल्यूपीए-२ मधली किल्ली प्रत्येक नोंदलेल्या क्लायंटबरोबर वेगळी ठरते, म्हणजे तोतयेगिरी तिथेही चालत नाही. परतीच्या वाटेवरही तेच. "हे प्रिंटरचं आहे, पण त्या राउटरच्या हाती द्या" असं लिहायला तीन पत्त्यांच्या फ्रेममध्ये जागा नाही.

आपण पाकिटावर "द्वारा अमुक अमुक" लिहितो ना, ती "द्वारा"ची ओळ इथे कमी पडते.

गंमत म्हणजे स्टँडर्डमध्ये ही ओळ आहे! टू डीएस आणि फ्रॉम डीएस दोन्ही १ असले की चौथा पत्ता उघडतो : हवेत घेणारा, हवेत सोडणारा, शेवटचा मुक्काम आणि मूळ मालक. पण तो कधी आणि कसा वापरायचा, दोन पेट्यांनी आपसात कसं ठरवायचं, हे स्टँडर्डने नीट सांगितलं नाही. मग प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलं, नाव मात्र सगळ्यांनी एकच दिलं : डब्ल्यूडीएस. म्हणून एका कंपनीच्या डब्ल्यूडीएसचं दुसरीशी जमेलच असं नाही, आणि इंटरनेट कंपनीने दिलेल्या डब्यात बऱ्याचदा हा पर्यायच नसतो. आमच्या डब्यात नव्हता.

मग लोक काय करतात?

तीन गोष्टी. पहिली वर सांगितलेली, क्लायंट मोड. यात राउटर मागच्या सगळ्यांना वेगळ्या नेटवर्कात ठेवतो आणि पुढे फक्त स्वतःचा पत्ता दाखवतो. म्हणजेच नॅट. नुसतं नेट हवं असेल, समजा मागे फक्त टीव्ही आहे, तर हेच करा आणि पुढचं वाचू नका.

दुसरी गोष्ट म्हणजे जुगाड, पण हुशार जुगाड. नेटवर्क एकच ठेवायचं, मात्र हवेत जाणाऱ्या प्रत्येक फ्रेमवर राउटर स्वतःचा मॅक लिहितो आणि कुठला आयपी कुठल्या वस्तूचा हे मनात ठेवतो. कोणी एआरपीने विचारलं, "प्रिंटरच्या आयपीचा मालक कोण?" की राउटर पुढे होऊन सांगतो, "मीच!" ओपन-डब्ल्यूआरटी या फुकट फर्मवेअरमध्ये हे काम करणाऱ्या पॅकेजचं नाव रिलेडी. पुढच्या डब्यात काहीही बदलावं लागत नाही हा त्याचा मोठा फायदा. पण ते फक्त आयपीव्ही-४ ला चालतं, आणि ब्रॉडकास्टवर अवलंबून असलेल्या वस्तू कधी सापडतात, कधी नाही. बाबांना "कधी कधी" हा शब्द जुलैमध्ये सांगून चालत नाही.

तिसरी गोष्ट, खरा चार पत्त्यांचा पूल. त्यासाठी दोन्ही टोकांना आपल्या ताब्यातला राउटर हवा. एक माळ्यावरचा होता, दुसरा बुधवार पेठेत सेकंडहँड घेतला. दोन्हींवर ओपन-डब्ल्यूआरटी. घेताना फ्लॅश आणि रॅम बघून घ्या. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमचे जुने राउटर आता त्याच्या नव्या आवृत्त्यांत चालत नाहीत. ८ आणि ६४ ही अगदी किमान पायरी, त्याहून जास्त मिळाली तर उत्तम. आणि मॉडेल नंबरच्या पुढचा छोटा व्हर्जन नंबरसुद्धा वाचा, एकाच नावाखाली आत वेगळीच चिप निघू शकते.

या फर्मवेअरची कथाही ऐकण्यासारखी आहे. लिंकसिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर २००२ च्या शेवटी आला. त्याच्या आत लिनक्स आहे हे लोकांच्या लक्षात आलं, आणि जीपीएल लायसन्सप्रमाणे कंपनीला २००३ मध्ये सोर्स कोड द्यावा लागला. त्यातून २००४ मध्ये ओपन-डब्ल्यूआरटी सुरू झालं. नावातलं डब्ल्यूआरटी तिथूनच आलंय.

प्रत्यक्ष मांडणी

सगळं सेटिंग दोन्ही राउटर एकाच टेबलावर ठेवून करा आणि मगच एकेक जागेवर न्या. मागच्या खोलीत बसून पुढच्याशी झगडण्यात अर्थ नाही.

आधी पत्ते. फायबरच्या डब्याचा बहुधा १९२.१६८.१.१ असतो, आणि ओपन-डब्ल्यूआरटीचाही मुळात तोच! म्हणून पुढच्या राउटरला शेवटचा आकडा २ द्या, मागच्याला ३. (इथे आकडे मराठीत छापलेत, बॉक्समध्ये अर्थातच इंग्रजीत टाका.) हे दोन आकडे डबा ज्या रेंजमधून आयपी वाटतो तिच्या बाहेरचे हवेत. दोन्ही राउटरचं डीएचसीपी बंद करा, कारण आयपी वाटणारा घरात एकच असावा. दोघे वाटायला लागले तर कोणाला काय मिळेल याचा भरवसा नाही. पुढच्या राउटरपासून फायबरच्या डब्यापर्यंत छोटी केबल जोडा. दोन्हीकडे लॅनचं सॉकेट, वॅनचं नाही. वॅनमध्ये घातलीत की पुन्हा नॅट मध्ये येतं.

मग वायरलेस. पुढच्याचा मोड "अ‍ॅक्सेस पॉइंट डब्ल्यूडीएस", मागच्याचा "क्लायंट डब्ल्यूडीएस". नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच, सिक्युरिटी डब्ल्यूपीए-२ एईएस, आणि मागचा वायरलेस इंटरफेस लॅनच्याच ब्रिजमध्ये. इथे साधा क्लायंट मोड ठेवलात तर लिनक्स कर्नल त्याला ब्रिजमध्ये घेतच नाही. वर सांगितलेल्या चौथ्या पत्त्याशिवाय ते शक्य नाही हे त्यालाही माहीत आहे.

चॅनेल ऑटोवर सोडू नका. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे १, ६ आणि ११. पेठेत शेजाऱ्यांची इतकी वाय-फाय दिसतात की त्यातल्या त्यात मोकळं बघून घ्यायचं. आमच्याकडे आणखी एक पात्र आहे : स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह. तोही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच काम करतो आणि नेमका पुलाच्या वाटेत आहे. आई दूध गरम करायला लावते तेवढा वेळ पिंग उड्या मारतं. ५ गिगाहर्ट्झ घेतलं की हा त्रास जातो, पण ते जाड भिंतीपुढे लवकर दमतं. म्हणून राउटर भिंतीआड न ठेवता दारांच्या रेषेत ठेवले, पुढचा कपाटावर आणि मागचा बाबांच्या फायलींच्या रॅकवर. तिन्ही दारं एका ओळीत आहेत, जुनं घर बांधणाऱ्यांचे आभार! मोबाईलच्या अ‍ॅपवर सिग्नल उणे ६५ डीबीएमच्या आसपास मिळाला तर छान. उणे ७५ च्या खाली गेला तर जागा बदला, सेटिंगशी खेळू नका.

स्पीडबद्दल दोन शब्द. राउटरच्या खोक्यावर ३०० छापलेलं असतं तो हवेतला दर. प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळालं तरी नशीब समजा, आणि पाठीमागचं सॉकेट १०० चं असेल तर वर कितीही असो, ९४-९५ च्या पुढे जाणार नाही. मात्र रिपीटरमध्ये तोच रेडिओ तेच पॅकेट हवेत दोनदा पाठवतो आणि स्पीड अर्धा होतो, तसं इथे होत नाही. आपलं पॅकेट हवेत एकदाच जातं, पुढे वायर. म्हणून मागच्या राउटरवर मोबाईलसाठी आणखी एक वाय-फाय सुरू करायचा मोह झालाच तर ते दुसऱ्या बँडवर करा.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. पूल चालू असताना दोन्ही राउटर टेस्टिंग म्हणून केबलनेही जोडून ठेवू नका. दोन वाटा झाल्या की लूप बनतो, ब्रॉडकास्ट फ्रेम गोल गोल फिरत राहतात आणि अख्खं घर ठप्प. ब्रिजच्या सेटिंगमध्ये एसटीपी ऑन करून ठेवलेलं बरं, चुकून कोणी केबल घातलीच तर ते एक वाट बंद करतं.

शेवटी तपासणी. मागच्या डेस्कटॉपला डब्याकडूनच आयपी मिळाला का बघा. पहिले तीन आकडे पुढच्या लॅपटॉपसारखेच हवेत. मग लॅपटॉपवरून प्रिंटरला पिंग करा आणि त्यानंतर एआरपीचं टेबल उघडा. तिथे प्रिंटरच्या आयपीसमोर प्रिंटरच्या पाठीवरच्या स्टिकरवरचाच मॅक दिसला तर पूल खरा. मधल्या राउटरचा मॅक दिसला तर तो दुसऱ्या प्रकारचा जुगाड आहे, कंपनीने नाव "ब्रिज" दिलं असलं तरी. प्रिंटरचा आयपी डब्यात रिझर्व्ह करून टाका, नाहीतर लाइट जाऊन आल्यावर तो बदलतो आणि सगळ्या लॅपटॉपवर पुन्हा शोधाशोध. आणि लाइटवरून आठवलं, पूल दोन पायांवर उभा असतो. पुढचा राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही एकाच छोट्या यूपीएसवर घ्या. मागचा राउटर बाबांच्या डेस्कटॉपच्या यूपीएसवर आहे.

गाळ्याचा विषय सध्या तरी बंद आहे. पुढच्या खोलीतून प्रिंट दिली की मागे प्रिंटर घरघरतो आणि बाबा आतूनच ओरडतात, "आली!"