सर्पगंधा

आंब्याची फळे उतरविली म्हणून आंबा मरत नाही. अडुळशाची पाने खुडली तरी त्याला नवी पालवी फुटते. परंतु ज्या वनस्पतीचे मूळच औषधी असते, ती एकदा उपटली की संपली. सर्पगंधा ही अशा वनस्पतींपैकी एक होय.

हे झुडूप लहान असते. त्याची उंची बहुधा दीड-दोन फुटांपलीकडे जात नाही. खोडावर एकेका पेराशी तीन-तीन पानांचा वेढा असतो. पाने वरून गर्द हिरवी व खालून फिकट दिसतात. लालभडक देठांवर पांढऱ्या, किंचित जांभळट फुलांचे झुबके येतात आणि मग वाटाण्याएवढी फळे धरतात; ती पिकली म्हणजे जांभळी-काळी होऊन चमकू लागतात. ओलसर पानझडी वनात, मोठ्या वृक्षांच्या विरळ सावलीत, कुजलेल्या पाल्याने समृद्ध झालेली माती तिला मानवते. हिमालयाच्या पायथ्यापासून सह्याद्रीपर्यंत ती आढळते. पूर्व विदर्भातील गडचिरोलीच्या दाट अरण्यातही ती उगवते.

संस्कृतात हिला नाकुली असेही नाव आहे. नकुल म्हणजे मुंगूस. नागाशी झुंजण्यापूर्वी मुंगूस हिची पाने चावतो, अशी लोकसमजूत आहे. समजूत मोठी गमतीची खरी. पण सर्पविषावर हिचा उतारा चालतो, हे सिद्ध झालेले नाही. साप चावलेल्या माणसाला विनाविलंब रुग्णालयातच न्यावे.

हिचा खरा गुण निराळा आहे. बिहारमध्ये लोक हिला ‘पागलों की दवा’ म्हणत. भ्रमिष्ट, अस्वस्थ माणसाला शांत झोप लागावी म्हणून हिचे कडू मूळ देत. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी वेडाप्रमाणेच रक्तदाबावरही हे मूळ उपयोगी पडते, असे प्रसिद्ध केले. पुढे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांना या मुळाचे औषध देऊन काळजीपूर्वक नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली त्या एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आल्या. तेव्हा कोठे जगाचे लक्ष इकडे वळले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञांनी मुळातून ‘रिसर्पिन’ हे द्रव्य वेगळे काढले. त्याने रक्तदाब उतरे. पण काही रुग्णांच्या मनाला खोल उदासी येई. म्हणूनच आज त्याचा वापर कमी झाला आहे, आणि वैद्याच्या सल्ल्यावाचून हे मूळ कोणीही खाऊ नये.

कीर्ती झाली आणि सर्पगंधेवर संकट आले. देशोदेशींची मागणी वाढली व वनावनांतून झुडपे मुळासकट खणली जाऊ लागली. बी पडण्याआधीच झुडूप उपटले, तर पुढची पिढी यावी कोठून? शेवटी १९९० साली वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या कराराच्या यादीत हिचे नाव आले. परंतु औषधाची गरज नुसत्या बंदीने भागत नाही. त्यासाठी लागवडच हवी.

लागवडीला चिकाटी लागते. पेरलेल्या बियांपैकी निम्म्याही बहुधा रुजत नाहीत. म्हणून बी प्रथम पाण्यात टाकतात. तरंगणारे पोकळ बी फेकून देतात व तळाशी बसलेले जड बी तेवढे पेरतात. उन्हाळ्याच्या अखेरीस वाफ्यात रोपे तयार करून पाऊस स्थिरावला की ती हात-दीड हात अंतरावर लावतात. नागपुरात मनीषनगरसारख्या वस्तीतील घराच्या अंगणातही चार झुडपे वाढविता येतील. मात्र येथील उन्हाळा फार कडक, तेव्हा एखाद्या झाडाची सावली व नियमित पाणी हवे. जमीन काळी असल्यास वाफा उंच करून तीत वाळू व शेणखत मिसळावे, कारण मुळाशी पाणी साचले की ते कुजते.

मुळे काढण्याजोगी होण्यास दीड ते तीन वर्षे लागतात. हिवाळ्यात पाने गळाल्यावर, साल सोलवटणार नाही अशा बेताने, ती खणून काढतात. औषधी द्रव्य मुख्यतः सालीतच असते. मुळे धुऊन वाळवितात, आणि त्यांतील काही बोटभर तुकडे मात्र पुन्हा वाफ्यात पुरतात. त्यांना कोंब फुटतात.