अधूनमधून चुकणारा संगणक : दोष शोधण्याची पद्धत

एखादे यंत्र कायमचे बंद पडले तर त्याचा दोष सापडण्यास सहसा वेळ लागत नाही. खरी कसोटी लागते ती सहा दिवस बिनचूक चालून सातव्या दिवशी चुकणाऱ्या यंत्रापाशी. दुरुस्तीसाठी तंत्रज्ञ यावा, तोवर यंत्र सुरळीत व्हावे आणि त्याची पाठ फिरताच पुन्हा येरे माझ्या मागल्या व्हावे, हा अनुभव अनेक कार्यालयांना आहे. अशा वेळी संगणक चालविणाऱ्या कर्मचाऱ्यावर ठपका ठेवला जाण्याची शक्यता असते. परंतु दोष यंत्राचा असू शकतो आणि तो पद्धतशीरपणे शोधताही येतो.

एका यंत्रात अनेक प्रोसेसर

पूर्वी संगणकात आकडेमोड करणारा प्रोसेसर बहुधा एकच असे. अनेक प्रोसेसरांना एकाच कामाला जुंपण्याचे तंत्र भारतात रुजविण्यात पुण्याच्या ‘सी-डॅक’ या संस्थेचा मोठा वाटा आहे. या संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. आज टेबलावरील साध्या संगणकाच्या एका चिपमध्येही चार, आठ किंवा त्याहून अधिक गणनकेंद्रे असतात. त्यांना ‘कोअर’ म्हणतात. त्यामुळे कामाचा वेग वाढला, तशी दोष शोधण्यातील गुंतागुंतही वाढली.

दोषाची तीन घरे

पहिले घर म्हणजे मेमरी. बेल्जियममध्ये १८ मे २००३ रोजी झालेल्या निवडणुकीत ब्रुसेल्सजवळच्या स्कारबेक येथे एका उमेदवाराच्या नावावर ४,०९६ मते जादा नोंदली गेली. पक्षाच्या यादीला मिळालेल्या मतांपेक्षा उमेदवाराचीच मते अधिक दिसल्यामुळे ही चूक लक्षात आली. ४,०९६ ही संख्या दोनचा बारावा घात आहे. मेमरीतील एकच द्विमान अंक शून्याचा एक झाला की नेमका एवढाच फरक पडतो. पुढे त्या यंत्राची पुन्हा पुन्हा तपासणी होऊनही ती चूक परत घडली नाही. अंतराळातून येणाऱ्या किरणांमुळे असे घडले असावे, असे मानले जाते.

दुसरे घर म्हणजे प्रोसेसर. फेसबुक कंपनीच्या अभियंत्यांनी २०२१ साली असे एक उदाहरण प्रसिद्ध केले. साठवणीतील काही फायली कोणतीही सूचना न देता गहाळ होत होत्या. बराच शोध घेतल्यावर मूळ सापडले ते एका प्रोसेसरच्या ५९ क्रमांकाच्या कोअरमध्ये. १.१ या संख्येचा ५३ वा घात काढून त्याचा पूर्णांक घेतल्यास उत्तर १५६ यावयास हवे. तो कोअर शून्य देत असे. ५२ व्या घाताचे उत्तर मात्र तो बरोबर देई. फाइलीचा आकार शून्य निघाला की ती रिकामी समजून सोडून दिली जाई.

तिसरे घर म्हणजे ड्रायव्हर. छपाईयंत्र, डिस्क किंवा नेटवर्क कार्ड यांच्याशी संगणकाचा संवाद घडवून आणणाऱ्या आज्ञावलीस ड्रायव्हर म्हणतात. समजा, एकाच नोंदवहीत दोन कारकून आवक लिहीत आहेत. दोघांनीही शेवटचा क्रमांक ४० असा वाचला आणि दोघांनीही आपापल्या पत्रावर ४१ घातला. कारकून दोन्ही चांगले, वहीही चांगली. परंतु एकाचे लिहून होईपर्यंत दुसऱ्याने थांबावे, हा नियम नव्हता. दोन कोअर एकाच वेळी ड्रायव्हरची एकच नोंद बदलू लागले आणि तेथे कुलूप नसले, तर नेमके हेच घडते. दोघांची वेळ क्वचितच जुळते, म्हणून चूकही क्वचितच दिसते.

शोधाचा क्रम

प्रथम माहितीची प्रत दुसऱ्या ठिकाणी सुरक्षित ठेवावी. सदोष यंत्रावरच प्रयोग करीत राहिल्यास चुकीची माहिती जुन्या प्रतीतही शिरते.

त्यानंतर यंत्राशेजारी एक नोंदवही ठेवावी. चूक केव्हा घडली, कोणते काम चालू होते, पडद्यावर कोणता संदेश आला, वीज गेली होती काय, खोलीत उष्मा होता काय, हे सर्व त्याच वेळी लिहावे. संगणकाच्या स्वतःच्या नोंदींमध्येही अनेकदा दोषी कोअरचा अथवा मेमरीपट्टीचा क्रमांक आढळतो. प्रत्येक वेळी तोच क्रमांक दिसत असेल तर अर्धा शोध लागलाच.

तिसरी पायरी साध्या गोष्टींची. पंख्यावरील धूळ, सैल जोडणी आणि अपुरा वीजपुरवठा यांमुळे अनेक वेगवेगळ्या दोषांचा भास होतो. मेमरीची चाचणी रात्रभर चालवावी. चूक आढळल्यास पट्ट्यांची अदलाबदल करावी. दोष पट्टीबरोबर सरकला तर पट्टी सदोष. जागेवरच राहिला तर जोडणीची खाच किंवा मुख्य फलक संशयित.

चौथी पायरी कोअरची. उत्तर आधीच ठाऊक असलेले एकच काम प्रत्येक कोअरवर पाळीपाळीने चालवावे. एकच कोअर पुन्हा पुन्हा चुकत असेल तर दोष यंत्रभागात आहे. प्रत्येक कोअर एकट्याने अचूक असून एकत्र काम करताना चूक होत असेल, तर संशय ड्रायव्हरवर जातो. तोच ड्रायव्हर दुसऱ्या तशाच संगणकावर चालवून पाहावा. तेथेही तीच चूक घडल्यास संशय बळावतो व ड्रायव्हरची नवी किंवा पूर्वीची आवृत्ती बसवून पाहता येते.

घाई नको

एका वेळी एकच बदल करावा. मेमरी, ड्रायव्हर आणि वीजपुरवठा एकाच दिवशी बदलल्यास गुण कशाने आला हे कधीच कळत नाही. तसेच ‘दोन दिवस चूक नाही, म्हणजे दुरुस्ती झाली’ असे समजू नये. सरासरी आठवड्यातून एकदा, पण कोणत्याही क्षणी घडणारी चूक दुरुस्तीवाचूनही दोन दिवस न दिसण्याची शक्यता सुमारे ७५ टक्के असते. तीन आठवडे ती न दिसण्याची शक्यता मात्र सुमारे ५ टक्केच उरते. म्हणून निष्कर्षापूर्वी तेवढा काळ वाट पाहणे हिताचे.

महत्त्वाच्या नोंदी ठेवणाऱ्या संगणकासाठी चूक दुरुस्त करणारी मेमरी घ्यावी. तिच्यात दर ६४ अंकांमागे ८ पडताळणीचे अंक असतात. त्यामुळे एका अंकाची चूक आपोआप सुधारते आणि दोन अंकांची चूक उघड होते. मात्र प्रोसेसरने चुकीचे उत्तर दिले तर ही मेमरी ते चुकीचे उत्तर जसेच्या तसे जपून ठेवते. तेव्हा बेरजांचा स्वतंत्र पडताळा हवाच. स्कारबेकची चूक पकडली गेली ती अशाच साध्या ताळ्याने. शेतकऱ्याचा उतारा, विद्यार्थ्याचे गुण आणि गावाचा हिशेब ज्या यंत्रावर सोपविला आहे, त्याच्यावर विश्वास जरूर ठेवावा. पण ताळा घेण्याची सवय सोडू नये.